दुसरं खट्

खोटं सांगून मला काय मिळणार? माझ्या मामाच्या दोन मुलींच्या बाबतीत घडलंय हे. अमावस्या नव्हती, मध्यरात्र नव्हती. रविवारची भर दुपार होती, आणि जागा म्हणजे त्या दोघींचा फोटो स्टुडिओ.

थोरलीला आम्ही ताई म्हणतो, धाकटीला चिमी. मामी लवकर गेली. चिमीला वाढवलं ते ताईनंच. त्यामुळे ताईचा शब्द म्हणजे चिमीसाठी काळ्या दगडावरची रेघ.

ताईची एकच तऱ्हा. ती आरशासमोर जायची नाही. फोटोआधी गिऱ्हाइकानं आरसा मागितला, की छोटा आरसा पुढं करून ती झटकन बाजूला व्हायची. स्वतःचे केसही चिमीकडून विंचरून घ्यायची.

"आरसा चावतो का गं तुला?" चिमी चिडवायची.

ताई हसायची नाही.

मग एक दिवस ताईच म्हणाली, "स्पर्धा आहे. स्वतःचेच फोटो, पण फक्त प्रतिबिंबातले. तूच काढ. नंबर तुझाच बघ."

चिमी हरखली. किटलीत, दुकानाच्या काचेत, गाडीच्या आरशात... जिथं दिसेल तिथं स्वतःला टिपत सुटली. फोटो झकास येत होते.

त्या रविवारी ताईनं माळ्यावरून एक मोठा आरसा काढला. चादरीत गुंडाळलेला.

"यात काढ," म्हणाली, आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

चिमीनं कॅमेरा छातीशी धरला. बटण दाबलं.

खट्.

आणि मग... पुन्हा खट्.

तिनं तर एकदाच दाबलं होतं!

भिंतीवर आवाज घुमला असेल, असं म्हणून तिनं आणखी फोटो काढले. दर वेळी दोन आवाज. दुसरा जरा उशिरा... आरशाच्या बाजूनं.

मग ती कॉम्प्युटरवर बसली. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर स्टुडिओचं नाव छापलेलं आहे. आरशातल्या फोटोत अक्षरं उलटी येतात, म्हणून फोटो उघडला की न बघताच फ्लिप करायचा, ही तिची सवय. तसा केला.

अक्षरं उलटी झाली.

"अगं बाई, दोनदा फ्लिप केला की काय!"

तिनं मूळ फोटो उघडला. अक्षरं सुलट...

म्हणजे हा फोटो आरशातला नव्हताच. समोर उभं राहून कुणीतरी तिचा काढला होता.

ती ओरडली, "ताई! लवकर ये!"

ताई आली. फोटोकडं बघितलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "दोनदा वाजलं ना?"

आवाजाचं तर चिमी बोललीच नव्हती.

ताई सरळ आरशासमोर गेली. इतक्या वर्षांनी. हात गालांवर फिरवले आणि रडायलाच लागली.

"दिसते गं मी... दिसते!"

चिमी धावत तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आरशात ताई एकटीच होती.

"तुला माहीत होतं?" चिमीनं तिचा हात धरला. "ताई, तुला माहीत होतं?"

"माझंही प्रतिबिंब असंच गेलं होतं. ते परत हवं तर कुणीतरी बदली द्यावं लागतं. मी तरी काय करू?"

"मग मीच सापडले तुला? दुसरं कुणी नव्हतं?"

ताईनं डोळे पुसले. "दुसरं कोण माझ्यावर एवढा विश्वास ठेवणार होतं?"

सख्ख्या बहिणीनं केसानं गळा कापला, आणि तोही माया करत करत. त्या संध्याकाळी चिमी बॅग घेऊन माझ्या दारात आली. तेव्हापासून माझ्याकडंच राहते. ताईचं नावही काढत नाही. "बदली कुणाला द्यायचं नाही मला," म्हणते. "मला भोगावं लागलंय तेवढं पुरे."

आमच्या घरात आरसे आहेत. ती समोरून जाते... आरसा रिकामाच राहतो. त्याची आता मलाही सवय झालीय.

पण रोज सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसते. विचारते, "माझा चेहरा अजून तसाच आहे ना गं? आता तुझ्यावरच विश्वास आहे माझा."

मी हो म्हणते.

पहिले काही महिने ते खरं होतं.

हल्ली हो म्हणताना मी तिच्याकडं बघत नाही.