खाऱ्या विहिरींचा नकाशा

"थू! खारट!" युजीनने तोंड वेडंवाकडं केलं. "सुझान, लिही. लीलाच्या घरची विहीर, खारी!"

सुझानने नकाशावर काळा ठिपका दिला. सन अठ्ठ्याहत्तरचा मे महिना. बाईंनी सुट्टीचा अभ्यास दिला होता, आपल्या गावाचा भूगोल आणि इतिहास. तिघांनी ठरवलं, विहिरींचं पाणी चाखून नकाशा करायचा! काय दिवस होते ते! वसईत कुणाच्याही अंगणात शिरा, विहिरीत बादली सोडा, कोण रागावणार? उलट हातावर केळंच ठेवायचे.

पण सुझानचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांच्या आळीतलं बावखल, म्हणजे केळीच्या वाड्यांना पाणी पुरवणारं जुनं तळं, सोमवारी बुजवणार होते. ॲन्सेल्मकाकांना त्यांच्या मुलीच्या, ॲनीताईच्या लग्नाच्या मांडवासाठी मैदान हवं होतं. "डासांचं डबकं ते! विहिरी आहेत की!" म्हणत त्यांनी मातीचे ट्रकही ठरवले. पप्पांची केळी त्याच पाण्यावर जगत होती. पण थोरल्या भावापुढे पप्पा अवाक्षर काढत नव्हते.

"अगं, गंमत बघ!" लीला नकाशावर वाकली. "तुमच्या बावखलाभोवतीच्या आठही विहिरी गोड. आमच्या आळीतल्या सगळ्या खाऱ्या!"

"पहिल्यापासून?" सुझानने विचारलं.

"छे! मी पहिलीत असताना गोड होत्या. मग रस्त्यासाठी आमचं बावखल बुजवलं आणि..." लीला थांबलीच.

तिघं धावत लीलाच्या आजोबांकडे गेले.

"खरंच की!" आजोबांनी कपाळावर हात मारला. "पावसाचं पाणी बावखलात साठून जमिनीत मुरायचं, म्हणून समुद्राचं खारं पाणी आत शिरत नसे. ते बुजलं आणि दोन उन्हाळ्यांत विहिरी नासल्या. आम्हा मोठ्यांच्या ध्यानातच आलं नाही, बघा!"

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून काका आणि पप्पा ओट्यावर बसले. सुझानने काकांपुढे लीलाच्या विहिरीच्या पाण्याचा चहा ठेवला. एका घोटातच काका ओरडले, "काय गं, साखरेऐवजी मीठ टाकलंस?"

"नाही काका. ॲनीताई दोन वर्षांनी माहेरपणाला येईल ना, तेव्हा तिला तुमच्या घरी असाच चहा मिळेल!"

युजीनने नकाशा पसरला. लीलाने सगळं सांगितलं. काकांनी आपल्या विहिरीच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"युजीन, ट्रकवाल्याला सांग, येऊ नकोस म्हणावं. मांडव चर्चच्या पटांगणात घालू." त्यांनी नकाशा उचलून पप्पांच्या हाती दिला. "शाबास, पोरांनो! पन्नास वर्षं हे पाणी प्यालो, पण ते गोड का, हे कधी विचारलंच नाही मी."

पप्पांनी सुझानला जवळ ओढलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.