बेडकाची अख्खी फाइल

वरच्या मजल्यावरून कुणीतरी धाडधाड जिना उतरत आलं आणि बेडूकवालीच्या दारात उभं राहिलं.

"तुम्ही फाइल उघडलीत?"

तिनं वर पाहिलं. केस विस्कटलेले, एका पायात चप्पल, दुसरी बहुधा जिन्यातच राहिलेली. रागावलेल्या माणसाचे डोळे इतके सुंदर असू नयेत, याचाही तिला रागच आला.

"माझी फाइल आहे. मी उघडणार!"

"आणि माझा नकाशा गेला त्याचं काय?"

अशी त्यांची ओळख झाली. मग तो रोजच येऊ लागला. दोघांचंही काम तळघरातल्या एकाच मोठ्या मशीनवर चालायचं. तिनं फाइल उघडली की मशीन गुदमरायचं, याचा नकाशा गडप व्हायचा, आणि जिना धडधडायचा.

फाइलमध्ये तळ्याकाठच्या माइकनं वर्षभर न थांबता टिपलेले आवाज होते. तुकडे का नाही केले, असं विचारलं की ती फणकारायची, "बेडूक थांबतो का मध्ये?" त्या वर्षात एक दुर्मीळ बेडूक एकदाच ओरडला होता. तिनं स्वतः ऐकला होता, पण दिवस आठवत नव्हता. तो आवाज सापडला तर तळं वाचणार. नाही तर ते बुजवून पार्किंग होणार. कुणाचं? बेडूक संशोधन संस्थेचं! संचालक तिचे सख्खे मामा. आणि पार्किंगचा नकाशा काढणारा… हाच.

मामा पार्किंगच्या मंजुरीवर सही करणार त्या सकाळी तिनं पुन्हा फाइल उघडली. मशीन अडकलं. जिना धडधडला.

"ओरडू नका!" तीच ओरडली. "एवढं मोठं मशीन, आणि त्याला एक बेडूक झेपत नाही?"

तिचे डोळे भरलेले पाहून तो गडबडला. खुर्ची ओढून बसला.

"हे बघा… फाइल असते कपाटात. मेमरी म्हणजे टेबल. तुम्ही एक कागद बघायला अख्खं कपाट टेबलावर उलटं करता. मग मशीन नुसती ने-आण करत बसतं, आणि शेवटी जागा करायला कुणाला तरी हाकलतं. दर वेळी मलाच!"

"मग मी काय करू?"

"मिनिटाचा तुकडा आणायचा, ऐकायचा, ठेवून द्यायचा, पुढचा आणायचा. फाइल कितीही मोठी असो, टेबलावर एकच मिनिट. मशीन करेल ते. बेडूक कसा ओरडतो?"

"टुक्."

"पुन्हा म्हणा."

"टुक्!"

"पुन्हा."

"अजून कळलं नाही का?"

"कळलं. पण… छान म्हणता."

तिनं पेन फेकून मारलं. त्यानं ते झेललं आणि तो निमूट टाइप करू लागला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत मशीन तुकड्यामागून तुकडा चाळत राहिलं. एकदाही गुदमरलं नाही. आणि मग, वाऱ्याच्या आवाजामागून, स्पष्ट — टुक्. ती धावत जाऊन मामांना ऐकायला घेऊन आली.

"हा तर माझ्या चष्म्याचा डबा मिटल्याचा आवाज," मामा म्हणाले.

"मामा!"

मामांनी पुन्हा ऐकलं. मग चष्मा काढला, डबा मिटून पाहिला. जुळेना. "ठीक आहे, राहू दे तळं. गाड्या लावा माझ्या डोक्यावर!"

बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "तुमचा नकाशा मात्र कायमचा गेला."

"गेला."

"मेमरीतलं एवढं कळतं… मग मधेमधे सेव्ह का नाही केलात?"

त्याचे कान लाल झाले.

"अहो, मी काय विचारतेय?"

"सेव्ह केला असता, तर… खाली यायला निमित्त काय उरलं असतं?"

"म्हणजे मी रोज तुमच्या शिव्या खाल्ल्या, रोज जीव टांगणीला, आणि तुम्ही मुद्दाम… लाज नाही वाटत? वर एका चपलेवर—"

"सगळं एकदम नका उघडू," तो कळवळून म्हणाला. "माझं टेबल लहान आहे. थोडं थोडं…"

ती रागानं लाल होऊन त्याच्याकडे बघत राहिली. मग मान फिरवून, अगदी हळू, तिनं पहिला तुकडा दिला —

"टुक्."