वनजाबाईंच्या नावाने

हे खरं आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी आमच्या म्हैसूरच्या नजरबादमधल्या घरी या. चहा करते आणि चहा होईपर्यंत बसवून ठेवते. मग तुम्हीच ठरवा.

या पेजवर सगळे अमावास्येच्या रात्रीचं लिहितात. माझी गोष्टही अमावास्येचीच आहे, पण भर दुपारची. गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. ऊन रणरणत होतं. दाराशी टेम्पो उभा होता... आणि माझा नवरा खुशीत होता.

माझं मराठी जरा म्हैसूरचं आहे, सांभाळून घ्या. आमचे पूर्वज राजाच्या फौजेत घोड्यावर होते म्हणतात. माझा नवरा पुनीत इन्शुरन्स विकतो आणि घोडा फक्त दसऱ्याच्या मिरवणुकीत बघतो.

सासूला आम्ही अत्ते म्हणतो, इथली रीत. माझ्या अत्ते म्हणजे वनजाबाई. त्यांचा उजवा पाय ओढत चालायचा. हातात जुनी शिसवी काठी, तिच्या टोकाचं रबर कधीच झिजून गेलेलं. आमच्या लाल कोब्यावर आवाज यायचा.

टक्... सर्र. टक्... सर्र.

त्या आवाजाचा मला किती राग यायचा म्हणून सांगू! दुपारी जरा डोळा लागला की आलीच काठी. चहाच्या वेळेला अत्ते उठायच्या, थेट स्वयंपाकघरात जायच्या आणि एकेक डबा उघडून बघायच्या. डाळीला कीड लागली का, मी साखर किती संपवली, सगळी तपासणी. "काय ग सुष्मा, हे पोहे कधीचे?" रोज!

गेल्या वर्षी त्या न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला. माझी नणंद तुंगा बेंगळूरूला असते, तिने तिकडे नेऊन ऑपरेशन करवलं. छान बऱ्या झाल्या. खंडेनवमीला घरी येणार होत्या. देवघरात पूर्वजांची तलवार आहे, नवमीला तिला गंध लावायचा मान अत्तेंचा. "मी येईपर्यंत तलवारीला हात लावाल तर बघा," असा फोनवरून दमही दिला होता.

तुंगाने त्यांच्यासाठी नवीन पलंग घेऊन दिला, डोक्याकडून वर होणारा. चार पायांचा वॉकर, मऊ चपला, सगळं नवीन. मग जुन्याचं काय करायचं?

आता आमच्याकडे नवरात्राच्या आधी सगळं घर उपसतात. नको ते बाहेर. दरवर्षी भंगारवाला येतो. पण त्या वर्षी पुनीतच्या डोक्यात दान शिरलं. जयलक्ष्मीपुरमच्या एका हॉस्टेलला मिक्सर दिला, मुलांना पुस्तकं दिली. बरं वाटलं, खोटं का बोलू. मग अत्तेंच्या सामानासाठी त्याने कडकोळच्या बाजूचा एक वृद्धाश्रम शोधून काढला.

"आज नको," मी म्हटलं. "आज अमावास्या आहे. उद्या बोलव."

"गाडी आजच इकडे येतेय. सुम्ने काहीतरी काढू नकोस." सुम्ने म्हणजे उगाच. माझं सगळं बोलणं त्याला सुम्नेच वाटतं.

सकाळीच त्याने वडिलांचं तर्पण केलं होतं. मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, फोटोसमोर केळीच्या पानावर नैवेद्य मांडलेला. पुनीतच्या बोटांना काळे तीळ तसेच चिकटलेले. त्याच हातांनी त्याने एकेक वस्तू टेम्पोत चढवली. पलंग, गादी, उशी. छत्री. तांब्या. चपला. शेवटी काठी.

आश्रम चालवणारे हयग्रीव स्वतः आले होते. भला माणूस. जाताना म्हणाले, "जेवणाआधी आम्ही प्रार्थना म्हणतो. कुणाच्या नावाने म्हणू?"

पुनीत सकाळपासून भटजींसमोर नाव-गोत्र म्हणत होता. जीभ त्याच वळणावर.

"वनजाबाई. कौशिक गोत्र," तो म्हणाला.

हयग्रीवांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. आत पानाकडे पाहिलं... आणि हात जोडले.

"रोज दिवा लावू सर," म्हणाले.

मला वाटलं, किती चांगली माणसं.

संध्याकाळी तुंगाचा फोन. "वैनी, आईला पलंगाचं कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. का?"

"दुपारी झोपेतून दचकून उठली. म्हणते, माझा पलंग कुठे नेताय... माझी काठी तरी ठेवा."

मी पुनीतकडे बघितलं, पुनीतने माझ्याकडे. त्याला वाटलं मी सांगितलं. मला वाटलं त्याने. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं.

मग अत्ते जेवेनाशा झाल्या. तुंगा ताट पुढे ठेवायची, अत्ते म्हणायच्या, "जेवले की मी. सगळ्यांबरोबर."

"काय जेवलात?" मी फोनवर गमतीनं विचारलं.

"मुद्दे होतं नाचणीचं. सारू फार पातळ केलेलं."

तुंगाच्या घरी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, कधीच करत नाहीत. तिच्या नवऱ्याला चालत नाही.

फोनवर अत्तेंचा आवाज बारीक होत चालला. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. मी मात्र देवीला हात जोडत होते. बाई कितीही टोचून बोलो, आमच्या घरात ती हवी. नवमीला तलवारीसमोर ती हवी.

तशात एका सकाळी मी उप्पीट परतत होते. हयग्रीवांचा फोन आला. ते कन्नडात बोलले, मी मराठीत सांगते.

"अम्मा, रागावू नका, एक विचारायचं होतं... त्या ज्या अज्जी गेल्या, त्यांचा पाय ओढायचा का?"

"कोण गेल्या?"

"तुमच्या वनजाबाई."

हातातलं उलथनं खाली पडलं.

"अहो, काय बोलताय! त्या जिवंत आहेत! मुलीकडे आहेत बेंगळूरूला!"

पलीकडून हळूच, "अय्यो देवरे."

अमावास्येचा दिवस. हाताला तीळ. नाव, गोत्र. त्यांची तरी काय चूक? ते रोज दिवा लावून अत्तेंच्या आत्म्याला शांती मागत होते. पन्नासेक म्हातारी माणसं रोज हात जोडत होती.

त्याच दुपारी आम्ही गेलो.

दारातच नाचणीच्या मुद्द्याचा वास आला. मोठ्या पातेल्यात सारू होतं. पातळ, अगदी पाणी.

हॉलच्या भिंतीला अत्तेंचा पलंग. त्यावर गादी, उशी. खुंटीला छत्री. उशाशी तांब्या, काठी आणि दिवा. खाली चपला. सगळं एका जागी मांडलेलं बघितलं आणि मला कळलं. शय्यादान! तेराव्याला माणसाच्या नावाने जे देतात ते सगळंच आम्ही दिलं होतं, एकही वस्तू न विसरता.

फक्त माणूस जायचा होता.

गादीवर कुणी झोपत नव्हतं. तरी मधोमध खळगा होता. अत्ते निजायच्या तेवढाच.

शेजारच्या खाटेवर अन्नपूर्णम्मा म्हणून एक आजी बसल्या होत्या. म्हणाल्या, "पलंग माझ्यासाठी आणला. पण त्यावर बाई आहे, मी कशी झोपू? चहाच्या वेळेला उठते. टक्, सर्र करत दारापर्यंत जाते. गेटकडे बघते आणि परत येते."

"काही... बोलते?"

"घरचे न्यायला येणार आहेत म्हणते."

पुनीतने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

हयग्रीवांनी दिवा शांत केला. सामान सगळं परत दिलं, वर माफी मागितली. आम्ही टेम्पोत भरलं. निघताना अन्नपूर्णम्मा ओरडल्या, "सामान नेताय, तिला हाक मारा की! हाक मारल्याशिवाय कोण येईल?"

मी पुनीतला ढोसलं. "मार ना हाक. तू मुलगा आहेस."

तो माझ्यावर भडकलाच. "माझी आई जिवंत आहे! जिवंत आईला मेलेल्यासारखी हाक मारू? तोंडाने तसलं बोलू मी?"

त्याचंही खरं होतं.

कुणीच हाक मारली नाही.

नवमीच्या आदल्या दिवशी तुंगा अत्तेंना घेऊन आली. मी जुना पलंग जागच्या जागी लावून ठेवला होता. अत्ते गाडीतून उतरल्या, वॉकर नको म्हणाल्या, जुनी काठी मागितली. नवमीला तलवारीला गंध लावलं. जेवल्या. हसल्यासुद्धा. मी देवीपुढे नारळ फोडला. सुटलो बाबा एकदाचे, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. वळले... तर अत्ते अगदी पाठीशी उभ्या.

"अय्यो! केव्हा आलात?"

"आत्ताच," त्या म्हणाल्या.

मी काहीच ऐकलं नव्हतं.

मग मी लक्ष ठेवलं. अत्ते खोलीतून देवघरात जायच्या. काठी उचलली जायची, कोब्यावर टेकायची. पाय ओढला जायचा... आणि आवाज नाही. काहीच नाही. मी श्वास रोखून ऐकायची.

"रबर लावलं असेल तुंगाने," पुनीत म्हणाला.

अत्ते झोपल्यावर मी काठी हातात घेतली. टोकाला नुसतं लाकूड. मी जमिनीवर आपटून बघितली.

टक्.

माझ्या हातात वाजते!

आणखी एक गोष्ट. अत्ते आल्यापासून स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हत्या. एक डबा उघडला नाही. जे वाढेन ते खायच्या. मी मुद्दाम आमटी खारट केली, तरी मुकाट्याने संपवली. ज्या बोलण्याला मी आयुष्यभर वैतागले, त्याच बोलण्यासाठी मी ओट्याशी उभी राहून रडले. कुणाला सांगू? सून म्हणते, सासू टोमणे मारत नाही हो! हसतील लोक.

दिवाळीच्या सुमारास हयग्रीवांचा पुन्हा फोन.

"अम्मा... पलंग तुम्ही नेला. पण चहाच्या वेळेला अजून..."

मी फोन ठेवला.

पुनीत ऑफिसला गेला होता. मी गाडी काढली आणि एकटी गेले.

हॉलमधली ती भिंत रिकामी. स्वयंपाकघरात कपबशा वाजायला लागल्या. अन्नपूर्णम्मांनी मला हाताने गप्प बस म्हणून खुणावलं.

टक्... सर्र.

रिकाम्या भिंतीपासून.

टक्... सर्र. टक्... सर्र.

माझ्या अंगावरून पुढे गेला आवाज. दारात थांबला. गेटकडे बघत असणार.

मी भ्यायला हवं होतं. पण काय सांगू, मला भरून आलं. इतके दिवस ही बाई रोज आमची वाट बघत होती. मी पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले.

"अत्ते, घरी चला. मी न्यायला आलेय."

आवाज थांबला... मग पायऱ्यांवर आला.

मी गाडीचं मागचं दार उघडलं, जरा वेळाने लावलं. घरी येईपर्यंत आरशात बघितलं नाही. आमचं दार उघडलं, बाजूला झाले. आत लाल कोब्यावर...

टक्... सर्र.

मी उंबऱ्यातच बसून रडले. आनंदाने! वाटलं, झालं. आता माझ्या अत्ते पुऱ्या झाल्या. आता मला ओरडतील.

धावत त्यांच्या खोलीत गेले. अत्ते पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या मागे, दाराकडे बघत होत्या.

"सुष्मा," त्या हळू म्हणाल्या, "कुणाला घेऊन आलीस ग?"

आणि लुगडं गोळा करून त्या भिंतीकडे सरकल्या.

दुसऱ्या कुणाला जागा करून देतात तशा.

याला आता बरेच महिने झाले. अत्तेंची तब्येत उत्तम आहे, डॉक्टर खूष आहेत. पुनीतला मी काही सांगितलेलं नाही. आमच्या घरातून आता काहीही दान जात नाही. जुनी बादलीसुद्धा नाही.

रोज चहाच्या वेळेला अत्ते पलंगावर असतात. काठी कोपऱ्यात असते. दोन्ही मला समोर दिसतात.

आणि स्वयंपाकघरात कुणीतरी माझे डबे उघडून बघतं. एकेक झाकण... न चुकता.

काल अत्तेंनी माझा हात धरला. हात गार होता. मला म्हणाल्या, "सुष्मा, ती कधी जाणार ग?"

तिला जा कसं म्हणू मी?

डबे तपासणारी ती, तिला मी ओळखते. तिला मीच हाक मारून आणलंय.

पलंगावरच्या या बाईंना मात्र मी अजून विचारलेलं नाही, तुम्ही कोण म्हणून. धीर होत नाही.