धक्क्याकडचा कल

युद्ध संपल्यानंतरच्या दुसऱ्या शरदात मी विल्हेल्म्सहाफेनच्या गोदीत एका विनाशिकेचा कल मोजायला गेले. काम अगदी साधं होतं. बिडाचे तुकडे डेकवर या काठाकडून त्या काठाकडे न्यायचे, जहाज जरासं कलतं, आणि त्याच्या पोटात टांगलेला ओळंबा किती सरकला ते पट्टीवर वाचायचं. त्यावरून जहाज समुद्रात उभं राहील की उलटेल ते कळतं. पट्टीपाशी बसायचं काम माझं. सगळं युद्ध जहाजांच्या आराखड्यांवर रेघा मारण्यात घालवलेल्या बाईला तेव्हा दुसरं काम कोण देणार होतं?

या जातीची जहाजं मला माझ्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त ठाऊक होती. पहिल्या विनाशिकांना नौदलातल्या मेलेल्या माणसांची नावं दिली होती. पुढच्यांना नुसते आकडे. मग वरून हुकूम आला की यांच्यावर क्रूझरच्या मापाच्या तोफा बसवा. तोफांचा तो अगडबंब घुमट पुढच्या टोकाला, नाळेवर बसला आणि जहाज नाकात जड झालं. समुद्र जरा खवळला की तोंड पाण्यात. बॉयलर तर असे की बंदरात उभ्या उभ्या नळ्या फुटायच्या.

माझा मोठा भाऊ ओन्नो अशाच एका विनाशिकेवर बॉयलरपाशी कामाला होता. शेवटच्या रजेत तो मला म्हणाला, "तुमच्या कागदावर ती तरंगते गं टोम्मा. आमच्याकडे ती बुडी मारते." मला राग आला. पुढच्याच हिवाळ्यात उत्तरेकडच्या समुद्रात त्याचं जहाज गेलं आणि कोणीच परत आलं नाही.

गोदीतली ही विनाशिका त्याच आराखड्यावरून बांधलेली. तिच्यात विषारी वायूचे तोफगोळे भरायचे, ओढत खोल समुद्रात न्यायचं आणि गोळ्यांसकट बुडवायचं, असं बंदर ताब्यात घेतलेल्या इंग्रजांनी ठरवलं होतं. ओढून नेताना, बुडवण्याच्या आधीपर्यंत, तिच्यावर चार माणसं राहणार होती, आणि त्यांतला एक माझा धाकटा भाऊ आयके होता. कैदेतून नुकताच सुटून आलेला, अंगावर मूठभर मांस नाही, आणि या कामाला शिध्यात लोणी मिळणार म्हणून हुरळलेला. आईने त्याच्याशी अबोला धरला होता. मी मात्र ओळंब्यावर भरवसा ठेवून होते. त्यात काही खोट दिसली तर कोणीच त्या जहाजावर चढणार नव्हतं.

त्या दिवशी वारा नव्हता. बंद गोदीतलं पाणी तेलकट आणि स्थिर होतं. दोरखंड सैल सोडले होते, धक्क्यावरची फळी काढून घेतली होती. आमचे म्हातारे इंजिनिअर रॉसकांप साहेब मजुरांबरोबर वर डेकवर, आणि मी खाली बॉयलरच्या खोलीत. हातात टॉर्च. ओळंब्याचं टोक झुलू नये म्हणून तेलाच्या बादलीत बुडवलेलं. वरून डेकच्या उघड्या झाकणातून येणारा उजेड माझ्यापर्यंत पोचेपर्यंत राखाडी होत होता.

अजून बिडाचा एकही तुकडा हलला नव्हता, आणि दोरी सरकू लागली. अगदी सावकाश, धक्क्याच्या बाजूला. मी वर ओरडून सांगितलं. साहेबांनी मजुरांना दरडावलं, की एका बाजूला गोळा होऊ नका. मजूर बिचारे मधोमध, सांगितलेल्या जागी उभे होते. टाक्यांत पाणी राहिलं असेल म्हणून टाक्या तपासल्या. कोरड्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी छोट्या बोटीकडून जहाज फिरवून उलटं लावलं. कालची समुद्राकडची बाजू आता धक्क्याकडे आली. जहाजातच काही दोष असता तर ते आता समुद्राकडे कललं असतं. ते पुन्हा धक्क्याकडेच कललं.

साहेब झाकणातून वाकले. "बेरेंड्सबाई, एवढं कलायला किती वजन लागेल माहितीये? तीनशे माणसं त्या कठड्याला टेकून उभी राहायला हवीत."

या जहाजावर माणसं तेवढीच असायची. ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि मागे गेले. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला आनंद झाला. खोट सापडली होती. आयके वाचला होता.

तेवढ्यात वर त्याचाच आवाज आला. माझा जेवणाचा डबा घेऊन तो धक्क्यावरून डेकवर उडी मारून आला होता आणि मजुरांची चेष्टा करत होता.

दोरी हलली. सरळ मध्यावर आली आणि गप्प उभी राहिली. माझ्या आजूबाजूला, त्या लोखंडी जाळीच्या जमिनीवर, पावलं वाजली... धावण्याची नव्हेत. रोजच्या कामावर आल्यासारखी, आपापल्या जागेकडे जाणारी. तापलेल्या तेलाचा वास आला. मी बॉयलरला हात लावला. दीड वर्षं विझलेला तो पत्रा कोमट होता.

वरून साहेब खुशीत ओरडले, की जहाज सरळ झालं, आता मोजणी सुरू करू या.

मी शिडी कशी चढले ते मला आठवत नाही. आयकेचा कोट धरला. "खाली उतर. आत्ताच्या आत्ता."

"आणि लोणी? ते काय तू देणार?"

"तुझी जागा धरून ठेवलीये इथे कोणीतरी... उतर, आयके."

तो हसणार होता. माझं तोंड बघून हसला नाही. त्याने धक्क्यावर उडी मारली, आणि अख्खं जहाज त्याच्या मागे असं कललं की बिडाचे तुकडे डेकवरून घसरले. मग ते हळूच सरळ झालं. साहेब कठड्यावरून पाण्याकडे बघत राहिले. जहाज पाण्यातून बोटभर वर उठलं होतं.

त्यानंतरची मोजणी अगदी चोख झाली. आयकेच्या जागी दुसरा माणूस गेला आणि काम आटोपून सुखरूप परतलाही. ते तीनशे जण धक्क्याकडे का गोळा झाले होते, त्यांना आयके हवा होता की नुसती किनाऱ्यावर उतरायची वाट हवी होती, मला अजून उमगलेलं नाही.

पण मोजणीच्या त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच, आम्ही तिघं जेवायला बसलो. आईचा अबोला सुटला होता. तिने सलगमाचं सूप वाढलं. तिन्ही ताटल्यांत ते एका कडेला चढलं होतं, आयके बसला होता त्या बाजूच्या कडेला. मी ताटली फिरवून पाहिली. सूप पुन्हा तिकडेच गेलं.

गार हवा येत होती म्हणून मी दार लावायला उठले. आईने मान वर केली नाही. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी हसू होतं.

"राहू दे उघडं, टोम्मा," ती हळूच म्हणाली. "अजून येतायत... ओन्नो मागे राहिलाय."