छातीतलं घुमणं

दिवा जरा बारीक करा. आणि दाराकडं पाठ करून कुणी बसू नका. ही काही उडत आलेली गोष्ट नव्हे. बसव्वाक्का आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. तिनं आमच्या आईला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तेव्हा मी झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकलंय.

शाहू महाराजांच्या राज्यातली गोष्ट. पौषातल्या वद्य तेरशीची सांज होती. बसव्वाचा नवरा रुद्रय्या धाकट्या बाळाप्पाला खांद्यावर घेऊन दवाखान्यात गेला. पोराला ताप होता, एवढंच. डॉक्टरांनी पोराला निजवून छातीला नळी लावली. मग बसवून परत लावली.

"याच्या छातीत घुमतंय," ते म्हणाले. "पण..."

'पण'च्या पुढचं रुद्रय्याला ऐकूच आलं नाही. आपल्याकडं घुमणं म्हणजे काय, हे सांगायला नको. अंगात शिरलेलंच घुमतं. त्याची थोरली, गौरव्वा, अशीच तापली होती. तिच्या छातीला कान लावला की घूं घूं ऐकू यायचं. शाहूवाडीकडच्या देवऋष्यानं तिला छातीवर तापल्या सळईचा डाग दिला. पोरगी गेली. आणि तो बाबा उलट रुद्रय्यालाच म्हणाला, "उशीर केलास. घुमाय लागल्या लागल्या आणायची!"

म्हणून रुद्रय्यानं या खेपेला घरात पाऊल टाकताच त्याच देवऋष्याकडं जायला गाडी जुंपली.

"आत्ता? रातीचं?" बसव्वा म्हणाली. "डागदर आनि काय म्हनाले?"

"घुमतंय म्हनाले! आनि काय म्हनायचं ऱ्हायलंय? ह्यालाबी पुरू व्हय?"

पोराच्या छातीला तिनं ओली विभूती फासली आणि त्याला गाडीतल्या गवतावर निजवलं.

गाव मागं पडलं. रस्त्याकडंला रुद्रभूमी लागली. लिंगायतांची माती तिथंच होते. गौरव्वाही तिथंच होती, कानातल्या तीन मोत्यांच्या बुगडीसकट. बसव्वानं ती काढू दिली नव्हती.

तिथं बैल थांबले.

रुद्रय्यानं चाबूक ओढला. शिव्या घातल्या. बैल हलेनात.

मागं गवत दबलं. कुणी चढून बसावं तसं.

"तू हाललीस?"

"न्हाय वो..."

मग वास आला. जळक्या कातडीचा. बसव्वानं तोंडात पदर कोंबला.

आणि पोराच्या उशाशी, अगदी बारीक...

"अव्वा... बसव त्याला."

कासरा गळाला.

"गौरे?..."

बैलांचा श्वास तेवढा.

"अप्पा... बसवून ऐका की."

रुद्रय्या रांगत मागं आला. निजल्या पोराच्या छातीला कान लावला. घूं... घूं... त्याला उठवून बसवला. परत कान लावला.

धकधक. नुसतं धकधक.

निजवला. आलं. बसवला. गेलं.

"डागदर... ह्येच करत हुता," रुद्रय्या म्हणाला. आणि रडायला लागला.

बैल आपसूक माघारी वळले.

उजाडताच दोघं दवाखान्याच्या पायरीवर होती. डॉक्टर चिडले. "अहो, तेच तर सांगत होतो! निजवल्यावर येतं, बसवल्यावर जातं. तापात काही पोरांचं असं होतं. भिण्यासारखं नाही."

रुद्रय्यानं दाराची चौकट धरली. "मग... माझ्या थोरलीचंबी..."

डॉक्टरांनी खाली बघितलं. "तिला मी तपासलं नव्हतं, रुद्रय्या."

मग त्यांनी पोराचं अंगरखं वर केलं. नळी तशीच हातात राहिली.

"घरात आणखी लहान मूल आहे का हो?"

"न्हाय," बसव्वा म्हणाली. "आता न्हाय."

छातीवरच्या विभूतीत रुद्रय्याच्या मोठ्या कानाचा ठसा फिसकटलेला होता. त्याच्या शेजारी, जशाच्या तसा, एक इवला कान उमटलेला...

आणि वरच्या पाळीशी तीन टिंबं. बुगडीच्या मोत्यांची.