पायांच्या अठरा जोड्या

तुम्ही आल्या आल्या मला "काय, बरे आहात ना?" असे विचारलेत, ते मला फार बरे वाटले. का, ते शेवटी सांगतो. दिवा तेवढा जरा इकडे सरकवा.

मी अकरा वर्षे एका बेटावरच्या शहरात पर्यटकांच्या बसवर गाईड होतो. बस लहान, अठरा माणसांची. सकाळी नऊला धक्क्यावरून निघायची आणि किल्ला, संग्रहालय, जुना बाजार, दीपगृह करून तीनला परत. त्या शहराने मला कधी जवळ केले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही त्याला केले नाही. बारा महिने अंगाला चिकटणारी हवा, भिंतींना खारट ओल, आणि बाहेरून आलेला माणूस अकरा वर्षांनीही बाहेरचाच. पण पर्यटकांपुढे मी त्याची अशी काही तारीफ करायचो की विचारू नका.

त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी होती. ताई आदल्याच दिवशी बोटीने आली होती, पहिल्यांदाच. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा आणि ताई सोळाची. तिनेच मला न्हाऊमाखू घालून वाढवले. भावजी गेल्यापासून ती एकटी. तुझं शहर एकदा दाखव, असे ती कितीतरी वर्षे म्हणत होती, आणि आली ती नेमकी अशा वेळी. सगळ्या गावाला सुट्टी असते तेव्हा गाईडला ती नसते. सतरा जागा भरल्या होत्या. अठरावी, सगळ्यात मागची, मी ताईला दिली.

"सख्ख्या भावाचं शहर, आणि मी बसायचं परक्यांत," ती म्हणाली. तिचे बोलणे पहिल्यापासून असेच तिखट. पण पिशवीत माझ्यासाठी केलेला डबा होता.

आमच्या कामात मोजणीला फार महत्त्व. प्रत्येक ठिकाणाहून निघताना माणसे मोजायची, आकडा जुळला की निघायचे. टोप्या, छत्र्या, काळे चष्मे यांत चेहरे मोजू गेलात तर हमखास चुकता. म्हणून मी पाय मोजायचो. बसच्या दाराशी मान खाली घालून उभा राहायचो आणि पायरीवर चढणाऱ्या पायांच्या जोड्या मोजायचो. अकरा वर्षांत एकदाही चुकलो नाही, याचा मला मोठा ताठा होता.

सुट्टीमुळे संग्रहालय बंद निघाले. बाजारात एकूणएक दुकानाचे शटर खाली. रस्ते असे ओस की आमच्याच बसचा आवाज समोरच्या इमारतींवरून परत यायचा. साडेअकरापर्यंत लोकांचा पारा चढला. बंद दारं दाखवायला आणलंत का, असे एकाने माझ्या तोंडावर विचारले. मागून ताईही म्हणाली की एवढं तर मी घरबसल्या पाहिलं असतं. सगळे हसले, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

बंदराच्या टोकाला तपासणीची जुनी इमारत होती. पूर्वी जहाजाने येणाऱ्या लोकांना रोगाच्या भीतीने तिथे अडकवून ठेवत. सुट्टीच्या दिवशी तीही बंद असायची, पण रखवालदाराच्या ओळखीने मागच्या फाटकाची एक किल्ली माझ्याकडे होती. आमच्या ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. मामाने गाडी वळवताना एवढेच सांगितले की आज तिथे कुणी नसतं, कशाला जायचं. मी ऐकले नाही.

आत दगडी अंगण होते. त्यावर पांढऱ्या रंगाने आखलेले चौकोन, प्रत्येकात आकडा, एक ते अठरा. डोक्यावर ऊन होते, वारा पडला होता, समुद्र भिंतीपलीकडेच असून त्याचा आवाज येत नव्हता. वास मात्र येत होता, फिनेलचा, जणू आत्ताच कुणी फरशी पुसून गेले आहे.

तिथे मी नेहमीचे भाषण केले. या चौकोनांत लोकांना उभे करून मोजत. आकडा जुळल्याशिवाय कुणालाही सोडत नसत. एखादा रात्रीत मेला असला तर त्याच्या जागी हाताला लागेल त्याला उभे करत. माणूस कोण आहे ते कुणी बघत नसे, आकडा तेवढा बघत. हे ऐकून लोक शहारायचे. यातले एक अक्षर मी कुठे वाचलेले नव्हते. सगळे मीच रचले होते.

मग गंमत म्हणून सगळ्यांना चौकोनांत उभे केले, फोटो काढू दिले. ताई अठरा नंबरवर उभी होती, कपाळाला आठ्या घालून. त्यानंतर मी शिट्टी वाजवली, फाटकाशी उभा राहिलो आणि बाहेर पडणारे पाय मोजले. सतरा जोड्या गेल्या. अठरावी जरा उशिरा आली. अनवाणी, ओली. ताईला कुठेही चपला काढून पाय धुवायची सवय, म्हणून मी मान वर न करताच म्हणालो, "आटप लवकर." अठरा. फाटकाला कुलूप घातले आणि निघालो.

दीपगृहाच्या वाटेवर मी माइकवर बोलत असताना खिशातला फोन वाजला. ताईचा नंबर. एवढ्याशा बसमध्ये मागून फोन करते म्हणून मला हसू आले.

"अरे, कुलूप लावून कुठे गेलास?" ती अगदी हळू बोलत होती. "मी आतच आहे... चपला शोधत होते..."

"ताई, चेष्टा नको."

"इथे खूप लोक आहेत रे... मला म्हणतात, रांग सोडू नकोस..."

फोन बंद झाला. मी मामाला म्हटले, गाडी फिरवा, ताई मागेच राहिली. मामाने आरशात पाहिले.

"मागे बसलीय की तुझी ताई."

मी मान वळवली. मागच्या दोन रांगांतले लोक फिनेलच्या वासाने कंटाळून पुढे येऊन मधल्या वाटेत उभे राहिले होते. शेवटच्या जागेवर एक बाई बसली होती. केस ओले, तोंडावर आलेले. हात मांडीवर. ताईसारखीच अंगलट, पण ताई नव्हे. तिच्या पायांखालून पाण्याचा ओघळ पुढे येत होता. जवळ जायची माझी हिंमत झाली नाही. मी फक्त "फिरवा" म्हटले, आणि मामानेही पुन्हा आरशात न पाहता गाडी फिरवली. लोकांनी मला वाटेल ते सुनावले. मला ऐकूच येत नव्हते.

कुलूप काढून मी आत धावलो. अंगणात ताई अठराच्या चौकोनात उभी होती, हात सरळ खाली सोडून, शाळेतल्या मुलीसारखी. दुसरे कुणी दिसत नव्हते. पण बाकीच्या सतरा चौकोनांत, त्या तापलेल्या दगडावर, ओल्या पावलांची एकेक जोडी उमटलेली होती. बोटे माझ्याकडे वळलेली. एवढ्या उन्हात ती सुकत नव्हती.

"चल, ताई."

"कशी येऊ? आकडा जुळल्याशिवाय कुणालाच सोडत नाहीत."

"कोण म्हणतं असं?"

तिने माझ्याकडे पाहिले. अनोळखी माणसाकडे पाहावे तसे.

"तूच तर सांगितलंस..."

मी तिचा हात धरून ओढले. तेवढ्यात सतराही जोड्या आणखी ओलावल्या, त्यांच्या कडांतून पाणी सुटले आणि चौकोनांबाहेर माझ्या दिशेने पसरू लागले. मला जे येत होते तेवढेच मी केले. ताईला फाटकाकडे ढकलले, स्वतः अठराच्या चौकोनात उभा राहिलो आणि मोठ्याने मोजायला लागलो. एक, दोन, तीन... सतरा. मग मान खाली घालून स्वतःचे पाय पाहिले. अकरा वर्षांत मी स्वतःला कधी मोजले नव्हते. गाईड स्वतःला मोजत नाही.

"अठरा," मी म्हणालो.

सगळी पावले एकदम सुकली. मी धावत बाहेर आलो. मला कुणी अडवले नाही, आणि ताई रस्त्यावर माझी वाट बघत होती. सुटलो, असेच मला वाटले. बसमधली मागची जागा रिकामी होती. ती बाई कुठे गेली, असे मी मामाला विचारले. उतरली, म्हणाला, तुझ्या ताईजवळ जाऊन उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कामाच्या यादीत सगळ्यांची नावे होती, माझे नव्हते. कारकुनाने माफी मागितली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याने मामा मला धक्क्यावर सोडून बस घेऊन निघून गेला; माणसे पुरी आहेत असे त्याला वाटले. मग मी नोकरी सोडली आणि इथे ताईकडे राहायला आलो. इथून समुद्र दोनशे मैलांवर आहे.

घरात आम्ही दोघेच. जेवायला ताई दोन ताटे घेते. मी बसायला गेलो की म्हणते, "थांब हं, तुझं आणते," आणि तिसरे ताट आणायला उठते. मग हे कुणाचं, असे विचारले की त्या ताटाकडे बघत राहते. "मोजताना चुकले बाई," म्हणते. त्या ताटासमोरची फरशी ओली असते. मी रोज पुसतो.

काल ती तिसरे ताट आणायला उठली नाही. मी समोर उभा होतो. ती जेवत होती, हसून कुणाशी तरी बोलत होती, आणि मला पोटच्या पोरासारखे वाढवणाऱ्या ताईने एकदाही माझ्याकडे पाहिले नाही.

म्हणून तुम्ही विचारपूस केलीत ते बरे वाटले. आता ती चहा घेऊन येईल. कप तीनच असतील. एक तिचा, एक तुमचा. तिसरा ती कुणापुढे ठेवते ते जरा बघा आणि मला सांगा. माझी मान काल रात्रीपासून वर होत नाही. मला फक्त पाय दिसतात, आणि तुमच्या खुर्चीमागे एक जोडी मघापासून उभी आहे.