सूरजचा चेहरा

"मेलेल्यांची चित्रं काढतात," असं म्हणून हौसाबाईंनी तो कागद न्हाणीच्या चुलीत सारला, आणि गुणवंती ओल्या हातांनी दारातच खिळून उभी राहिली...

चार वर्षं जो चेहरा तिच्या हाताला येत नव्हता, तो त्या सकाळी पहिल्यांदा कागदावर उतरला होता. तिच्या धाकट्या दिराचा, सूरजचा! हसताना एक डोळा बारीक करणारा, पुढ्यात भाताचं ताट असलं की जगाचा विसर पडणारा सूरज. कागदाची कड काळवंडली, वळली, आधी कपाळ गेलं, मग ते हसू गेलं. पुढं होऊन तिला तो ओढून काढता आला असता. पण सासूपुढे हात पुढं करायचा अधिकार आपण कधीच गमावून बसलो आहोत, ही भावना तिच्या अंतःकरणात इतकी खोल रुतली होती, की पाऊल उचललंच नाही.

मिरकरवाड्यात बंदराच्या मागच्या आळीत त्यांचं घर. तिचा नवरा महेंद्र आणि सूरज, दोघे एकाच ट्रॉलरवर खलाशी. चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात महेंद्र तापानं फणफणला होता. सूरजची ती सुट्टीची पाळी होती. मालकाचा माणूस बोलवायला आला, तेव्हा गुणवंतीच दिराला म्हणाली होती, "भावजी, आज ह्यांच्या जागी तुम्ही जावा." दोन दिवसांनी वारा उठला, बोट उलटली. आठांतले सात जण परत आले. सूरज आला नाही, त्याचा देहही आला नाही... हौसाबाईंनी दिवसकार्य करू दिलं नाही. पोर येईल, एवढंच त्या म्हणत राहिल्या. आणि सुनेला एकदाच म्हणाल्या, "तू धाडलंस त्याला." त्यानंतर त्यांनी तिला नावानं हाक मारली नाही.

गुणवंतीनं ते मुकाट्यानं स्वीकारलं. सकाळी धक्क्यावर बसून ती मासळी विकायची, दुपारी घरचं करायची आणि त्या एका वाक्याचा निखारा उरात घेऊन वावरायची. अशाच एका दुपारी तिच्या मुलीनं, तेजलनं, चित्रकलेच्या तासाला लागणारी कोळशाची कांडी आणली. तेजल झोपल्यावर गुणवंतीनं सहज ती हातात घेतली. सातवीनंतर तिनं काही काढलं नव्हतं. समोर परसात मासळीच्या लिलावातून आलेली एक रिकामी वेताची पाटी पडली होती, तीच काढली. तिचा एकेक पीळ काढता काढता तिच्या लक्षात आलं, की गेला अर्धा तास तो निखारा विझला होता... तिला रडू आलं. किती महिन्यांनी आपण श्वास घेतला, असं वाटलं!

मग ती रोज काढू लागली. जाळी विणणारे हात, बर्फाच्या लाद्या ओढणारा म्हातारा, धक्क्यावरच्या बायकांचे भांडणारे चेहरे. मीठपाण्यानं चिरलेल्या तिच्या बोटांत जणू एक नवा जीव आला होता. घरात ती कुणाची अपराधी होती, कागदापुढे मात्र ती फक्त गुणवंती होती. एक सूरज तेवढा येत नसे. त्याचा मोबाईल त्याच्याबरोबर बुडालेला, उरलेला फोटो आधार कार्डावरचा, त्यात तो चोरासारखा दिसायचा. शंभरेक कागद वाया गेले. आणि जो साधला, तो चुलीत गेला.

महेंद्रनं संध्याकाळी तिची समजूत काढली. आयेचं मन दुखावण्यापेक्षा हे सोडून दे, असं तो खाली मान घालून म्हणाला. दोघींच्या मधे तोही बिचारा असहाय होता. गुणवंतीनं कागद आणि कांड्या एका जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर ठेवल्या. आपल्या सुखाची किंमत ह्या माउलीनं का मोजावी, असं तिनं स्वतःला बजावलं. आठ महिने तिनं रेघ म्हणून ओढली नाही. हसणं-बोलणं चालू होतं, पण आतून ती ओहोटीच्या खाडीसारखी आटत गेली.

त्याच आठ महिन्यांत हौसाबाई दाराच्या चौकटीला धडकू लागल्या. त्यांनी ते किती दिवस लपवलं होतं, देव जाणे. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, गेलेली नजर आता येणार नाही. उरलेला उजेडही हळूहळू गेला. गुणवंती त्यांना न्हाऊ घालायची, माशातले काटे काढून घास द्यायची. त्या निमूट खायच्या. बोलत नसत.

एका दुपारी ती त्यांचे केस विंचरत असताना हौसाबाई एकाएकी म्हणाल्या, "गुणवंती..."

तिच्या हातातली फणी थांबली.

"माजा सूरज मला आठवत नाय गो. डोळे गेले आणि त्याचं तोंड पण पुसत चाललं. रोज आठवून बघते. नाक येतं तर हसणं येत नाय... मी जाळलं तसं परत काढशील?"

गुणवंती माळ्यावर चढली, गाठोडं खाली आणलं. सासूच्या शेजारी जमिनीवर बसून ती काढत राहिली आणि काय काढते आहे ते सांगत राहिली, आता कपाळ, आता कानाची पाळी, आता तो बारीक झालेला डोळा. शाळेतून आलेली तेजल दप्तर न उतरवता उभी राहिली. चेहरा पूर्ण झाला. पहिल्यापेक्षाही जिवंत!

हौसाबाईंनी हात पुढं केला. गुणवंतीनं कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचा तळवा कपाळावरून गालांवर आला, गालांवरून ओठांवर फिरला. पुन्हा पुन्हा फिरला... कोळसा पसरला, डोळे गेले, तोंड गेलं. तेजल ओरडणार तोच गुणवंतीनं तिला खुणेनं थांबवलं.

"हसतोय ना?" हौसाबाईंनी विचारलं.

कागदावर नुसता एक काळा डाग उरला होता.

"होय आये," गुणवंती म्हणाली, "हसतोय."

हौसाबाई बराच वेळ तो कागद कुरवाळत राहिल्या. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "तू नसतं सांगितलंस तरी तो गेला असता. भावाला ताप असताना तो घरी बसला नसता. मी काय केलं म्हायत आहे? मीच त्याला डबा भरून दिला. लवकर जा म्हटलं... ते मला सोसवत नव्हतं गो, म्हणून तुझ्यावर घातलं."

पाच वर्षं ज्या शब्दांची तिनं वाट पाहिली होती, ते आले होते, आणि ते उच्चारणारी ही म्हातारी तिच्याहूनही दीन होऊन समोर बसली होती. कुणी कुणाला क्षमा करायची? गुणवंतीनं त्यांचे काळे झालेले हात आपल्या हातांत घट्ट धरले. दोघी रडल्या.

मग तिनं डोळे पुसले आणि नवा कागद घेतला. सूरजच्या भुवईवरची खूण तिला तोंडपाठ होती. तरी तिनं विचारलं,

"आये, भुवईवरचा तो व्रण उजवीकडे होता की डावीकडे?"

हौसाबाईंनी मान वर केली. स्वतःच्या भुवईवर चाचपडत बोट ठेवलं.

"डावीकडे," त्या म्हणाल्या. "नारळ सोलताना लागलेलं. सात वर्षांचा होता. सांगते, तू काढ."